घडी, घोडी आणि माझं उर्दू

चहा आधी संपवा. मी माझ्याच हातानं माझं कसं वाटोळं केलं, ते ऐकताना ठसका लागायचा.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. तेव्हा सगळा सरकारी कागद उर्दूत. मी वडीगोद्रीचा शेतकरी, पण चार इयत्ता उर्दू शिकलेलो, त्यामुळं गावात माझा रुबाब फार. कुणाला नोटीस आली की माझ्याकडंच. मी ती डोळ्यांजवळ धरून, मान हलवून, अंदाजानं वाचायचो.

जांबेचे आबामामा वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं, लहानपणी मला त्यांनीच सांभाळलं. त्यांनी वसीयतनामा करून ठेवला होता, आणि ज्याचं त्याला वाटून द्यायचं काम त्यांचे दोस्त किसनकाका यांच्यावर सोपवलं होतं. मी त्याची नक्कल मिळवली. माझ्या नावापुढं एकच वस्तू. मी वाचली: घोडी.

आता उर्दूत घडी आणि घोडी यांत एका अक्षराचा फरक. त्या अक्षराला म्हणतात वाव. वाव घातला की घोडी, नाही घातला की घडी, म्हणजे आपलं घड्याळ. माझ्या डोक्यात हे नेमकं उलटं बसलेलं!

मामांची पांढरी घोडी मी दहा-बारा वर्षांमागं पाहिली होती. लग्नाला मामा तिच्यावर बसून आले की लोक नवरदेव सोडून तिच्याकडं बघायचे. मी लगेच गोठ्यात खुंटा ठोकला.

आठ दिवसांनी किसनकाका आले, हातात रुमालाची पुरचुंडी. आत मामांचं चांदीचं घड्याळ.

"रंगनाथा, ही घडी तुही हाय. मामाची आठवण म्हणून जप."

मला वाटलं, म्हातारा घोडी दाबून बसलाय आणि घड्याळावर माझी बोळवण करतोय. पाच माणसांदेखत मी त्यांना नको नको ते बोललो. त्यांनी घड्याळ परत रुमालात बांधलं आणि ते निघून गेले.

मी थेट अंबडच्या कोर्टात दरख्वास्त दिली, की किसनरावांनी मामांची वसीयत धाब्यावर बसवली. वकील कशाला? मीच लिहिली, उर्दूत.

पेशीच्या दिवशी मुन्सिफसाहेबांनी दरख्वास्त वाचली, वसीयत वाचली, पुन्हा दरख्वास्त वाचली. मग काकांना विचारलं, याची घडी याला का देत नाही? काका म्हणाले, हुजूर, तीच द्यायला गेल्तो, यानंच घेतली न्हाई. साहेब चक्रावले. वसीयतीत घडी, हा मागतोय घडी, तुम्ही द्यायला तयार, मग भांडण कशाचं?

आलं का लक्षात? मी जसं उलटं वाचलं तसंच उलटं लिहिलंही होतं. 'घडी नको, घोडी द्या' लिहायला गेलो आणि कागदावर उतरलं 'घोडी नको, घडी द्या'. दोन चुकांनी मिळून माझं काम बराबर करून ठेवलं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं.

पण चार इयत्ता शिकलेला माणूस गप्प बसतो होय? मी उठून म्हणालो, "हुजूर, वाचण्यात गलती होऊन राह्यली. ते घडी न्हाई, घोडी हाय."

मुन्सिफसाहेबांनी चष्मा काढला. त्यांचा जन्म उर्दूत गेलेला.

"घडी या घोडी? सोचके बोलो."

"घोडी, हुजूर. घडीशी मला बिलकुल मतलब न्हाई."

कारकुनानं ते लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली. मग साहेबांनी मला जवळ बोलावलं, वसीयतीतल्या शब्दावर बोट ठेवलं आणि वाव कशाला म्हणतात ते समजावलं. घोडी मामांनी काकांच्या नावानं लिहिली होती. पण काका हात जोडून म्हणाले, की पोराची एवढी हौस असेल तर घोडी यालाच द्या, घडी मी ठेवतो. साहेबांनी तसा हुकूम करून टाकला.

काका एवढ्या जल्दीनं का तयार झाले, ते दुसऱ्या दिवशी जांबेला गेल्यावर कळलं. घोडी म्हातारी झालेली, एका डोळ्यानं आंधळी, आणि पाठीला हात लावला की चावायची. मी काकांचे पाय धरले, बोललो त्याची माफी मागितली.

"जाऊ दे," काका म्हणाले. "तू हिला नेऊन राह्यला, हेच लई उपकार हायेत."

वडीगोद्रीपर्यंत मी पायी, मागं ती. मधेच ती बसायची, मग मीही बसायचो. घरी पोचलो तर बायको दारात उभी. तिला सगळं खरं सांगितलं, वावासकट. तिनं घोडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "चारा एकाला टाकू का दोघांला?"