भामरागडला ठेवलेलं नाटक

संगणक घेताना मी दुकानदाराला इतकं घासलं की शेवटी तो म्हणाला, "भाऊ, एवढ्यात डबा भेटन. शिकवनं नाई भेटनार."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण गोंडपिपरीच्या त्या माणसाने शब्द खरा केला. आमच्या गावी आला, वायरी जोडल्या, चालू-बंद करायचं बटण दाखवलं आणि निघून गेला. तो राग मी बरीच वर्षं जपला. मी सौदे शिकलो ते बैलबाजारात, रुमालाखाली बोटं धरून. तिथे विकणारा कितीही चिडला तरी बैल कोणत्या बाजूला जुंपायचा, कशाला बुजतो, हे सांगितल्याशिवाय कासरा हातात देत नाही. या गृहस्थाने मला बुजरं जनावर दिलं आणि पाठ फिरवली.

संगणक घेतला होता बाबांच्या नाटकासाठी. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव नाटकं उभी राहतात. बाबांनी ऐन तारुण्यात एक तीन अंकी नाटक लिहिलं होतं आणि गावातल्याच माणसांना घेऊन केलं होतं. पुढे वहीला उदई, म्हणजे वाळवी, लागली. पण नाटक बाबांच्या डोक्यात होतं. ते बाजेवर बसून सांगायचे आणि मी दोन बोटांनी एकेक अक्षर शोधायचो. एक अख्खा हिवाळा त्यात गेला.

"झालं का लिहून?"

"थांबा ना बाबा. 'अज्ञानी'तला 'ज्ञ' सापडून नाई राह्यला."

"मंग त्याले बैताड म्हन. अर्थ तोच होते."

होळीच्या आसपास नाटक पूर्ण झालं. त्या वर्षी गावाने ठरवलं होतं की येत्या हंगामात बाहेरची कंपनी न बोलावता बाबांचंच नाटक करायचं. अट एकच. पोळ्याच्या आठवड्यात बैठक होईल, तेव्हा संपूर्ण नाटक छापून समोर आलं पाहिजे. नाही आलं तर कंपनीला सुपारी जाईल. बाबांचं वय पाहता पुढच्या हंगामाचं कुणी बोलत नव्हतं. बाबा तर मुळीच नाही.

संगणकातली वस्तू दुसरीकडेही ठेवावी लागते, एवढं माझ्या कानावर आलं होतं. म्हणून हातात मावेल अशी बाहेरची हार्डडिस्क आणली. कॉपी करताना मूळचं नाटक निघून जाईल अशी भीती होती. एका पोत्यातलं धान दुसऱ्या पोत्यात ओतलं की पहिलं रिकामं होतं, हा माझा जन्मभराचा अनुभव. इथे ओतलं आणि पहिलं पोतं तसंच शिगोशीग! मी तीनदा उघडून पाहिलं. असा फायद्याचा व्यवहार मी कोणत्याच बाजारात केलेला नव्हता.

आता ती डिस्क ठेवायची कुठे? आमच्या घरी बियाण्याचं धान कधी एका जागी ठेवत नाहीत. थोडं आपल्या ढोलीत, थोडं बहिणीच्या किंवा लेकीच्या घरी. एका घराला आग लागली, पाणी शिरलं, तरी दुसऱ्या घरचं बी उरतं. मी तेच केलं. धाकटी बहीण भामरागडला दिलेली. उन्हाळ्यात ती माहेरी आली तेव्हा डिस्क कापडात गुंडाळली, सोबत कडुनिंबाचा पाला घातला आणि तिच्या पिशवीत ठेवली.

"दादा, याले कीड लागते का?" तिने विचारलं.

"माहीत नाई. तू पाला बदलवत जा."

धानाची रोवणी चालू असताना एका दुपारी वीज कडाडली आणि संगणकाचा पडदा काळा झाला. त्यानंतर बटण दाबलं की आतून नुसती कटकट ऐकू यायची. राग गिळून मी डबा मोटारसायकलला बांधला आणि गोंडपिपरी गाठली.

दुकानदाराने मला ओळखलं. घासाघीस करणारा माणूस दुकानदार विसरत नाही. त्याने डबा उघडला आणि मान हलवली.

"हार्डडिस्क गेली, भाऊ. नवीन टाकतो. पन आतलं सगळं गेलं समजा."

"माझी कॉपी हाय," मी तोऱ्यात म्हणालो.

"कुठी?"

"भामरागडले."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसत सुटला. खुर्चीचे हात धरून हसला. "भर पावसात? भाऊ, लोक कपाटात ठेवतात, शेजाऱ्याकडे ठेवतात! तुम्ही पर्लकोटा नदीच्या पल्याड नेऊन ठेवली!"

माझं डोकं फिरलं. "तू शिकवलं असतं तर ठेवली असती कपाटात!" मी असा ओरडलो की शेजारचा झेरॉक्सवाला दारात आला. मग दुकानदाराने माझं उरलंसुरलं बळही काढून घेतलं. "अजून एक विचारतो. फाइल कॉपी केली होती, का पडद्यावरची नुसती खूण, शॉर्टकट? बरेच लोक खूणच नेतात. उघडली की आत काहीच नसते."

तीनदा उघडून पाहिलं होतं खरं, पण ते याच संगणकावर.

बहिणीचा फोन लागायला चार दिवस गेले. तिकडे पुलावरून पाणी वाहत होतं, रस्ता बंद, नेटवर्क मनात आलं तर यायचं.

"तुझा तो कापडातला डबा उतरंडीवर ठेवला, दादा. कोरडा हाय. पालाही बदलवला."

"तो उघडून पाहता येईन का कुठी?"

"इथी लाइनच नाई सहा दिवसांपासून. तू काऊन ओरडून राह्यला?"

नवी डिस्क टाकलेला संगणक घरी आला होता; बाबांना मी घाबरत घाबरत सांगितलं. ते खुशीत दिसले. "मंग काय झालं? पुन्हा सांगतो. लिही."

त्यांनी पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली, बोटं सरावल्याने मी या वेळी काही आठवड्यांतच शेवटाला आलो, पण शेवट वेगळाच निघाला. पहिल्या वेळी नाटकातल्या मालगुजाराला, म्हणजे गावच्या जमीनदाराला, तिसऱ्या अंकात वाघाने खाल्लं होतं. आता वाघ आला, मालगुजाराला हुंगलं आणि निघून गेला.

"बाबा, वाघानं त्याले खाल्लं होतं."

"खाल्लं होतं? आता नाई खात. म्हातारा झाला असन वाघ."

मी चिडायचो, हात जोडायचो, पुन्हा की-बोर्डवर यायचो. खरं नाटक कोणतं? गावातल्या जुन्या माणसांना वाघाचा प्रसंग तोंडपाठ होता. त्या प्रसंगाला बाया पदर डोळ्याला लावायच्या, असं अजून सांगतात. पण नवीन लिहिताना बाबा बाजेवरून उठून स्वतः वाघ व्हायचे, अंगणात फिरायचे, कोंबड्या पळायच्या. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. दिवसभर रोवणीत वाकलेल्या बाया घरी जाताना आमच्या कुंपणाशी थांबायला लागल्या.

पोळ्याला पाच दिवस असताना पूर ओसरला. बहिणीने डिस्क अलापल्लीकडे येणाऱ्या बसच्या कंडक्टरजवळ दिली. तिथून दुसरी बस, तिथून तिसरी. मी गोंडपिपरीच्या स्टँडवर सकाळपासून उभा. पिशवीतून निंबाचा वास येत होता. घरी न जाता तडक दुकानात गेलो. डिस्क लावली. दुकानदारही काउंटर सोडून माझ्या खांद्यामागे येऊन उभा राहिला.

फोल्डर उघडलं. फाइल होती. फाइल उघडली. पहिलं पान आलं, दुसरं, दहावं. अगदी शेवटी वाघ होता, आणि वाघाने मालगुजाराला खाल्लं होतं. मी टेबलावर अशी थाप मारली की माउस खाली पडला.

"आता हे घरच्या संगणकात कसं टाकू, सांग. आज तरी सांग."

"शिकवायचं काय देता?"

"चहा."

"दोन."

"एक चहा आणि भजी."

सौदा झाला. त्याने पेनड्राइव्हवर कसं घ्यायचं, कुठे चिकटवायचं, ते मला स्वतःच्या हाताने तीनदा करायला लावलं. निघताना म्हणाला, "भाऊ, तुम्ही दोन्ही फाइलींचं नाव एकच ठेवलं असन तर संगणक विचारन, जुनी काढून नवीन टाकू का. घाईत हो म्हनू नका."

खरोखर दोन्हींचं नाव 'बाबांचं नाटक' होतं. घरी आल्यावर संगणकाने तेच विचारलं आणि माझं बोट बटणावर जाऊन थांबलं. हो म्हटलं असतं तर अंगणातला हसरा वाघ कायमचा गेला असता. मी दोन्ही ठेवली. मग बाबांना दोन्हींचा शेवट वाचून दाखवला.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. वाघाने खाल्लं तिथे त्यांचे ओठ माझ्यासोबत हलत होते.

"हे मी लिहिलं होतं?"

"तुम्हीच."

"मस्त हाय गा. पन मले लय राग होता तवा." मग म्हणाले, "दोन्ही छाप. गावच ठरवन."

बैठकीला शाळेची खोली भरून गेली. बाबांनी आधी जुना शेवट वाचला. टाळ्या पडल्या. मग ते खुर्चीवरून उठले आणि नवा शेवट वाचला नाही, करून दाखवला. मालगुजाराला हुंगून वाघ वळला, जाता जाता त्याने मागच्या पायाने माती उडवली, आणि अख्खी खोली हसून लोळली. सरपंचबाई डोळे पुसत म्हणाल्या, "कंपनी-बिंपनी काही नाई. हेच."

कोणता शेवट, यावर मात्र एकमत होईना. जुनी माणसं एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. अर्धा तास भांडण चाललं. शेवटी ठरलं ते असं: पहिला प्रयोग जुन्या शेवटाचा, दुसरा नव्याचा. म्हणजे आमच्या गावात एका हंगामात दोन प्रयोग. असं याआधी कधी झालं नव्हतं.

भूमिका वाटल्या गेल्या. बाबांनी वाघ स्वतःकडे ठेवला, कुणाला विचारलंही नाही. मी शेवटपर्यंत वाट पाहिली आणि मग उसळलोच. "अन् मले? दोन वेळा लिहिलं ना मी!"

"म्हनूनच," बाबा म्हणाले. "तू पडद्यामागं बस अन् विसरनाऱ्याले सांगत जा. पन हळू सांग. तुले ओरडाची सवय हाय."

खोली पुन्हा हसली. मी कागदांचे दोन गठ्ठे उचलले, दोन रंगांच्या दोऱ्यांनी बांधले आणि तालमीला कोण कधी येणार, ते विचारत पहिल्या रांगेपासून फिरायला लागलो.