टँकर आला त्या दिशीचा फोटू

दसऱ्याला भिंत झाडताना त्या परदेशी पावन्यानं धाडलेला फोटू खाली काढला. नात म्हनली, "आजी, किती गोड हसतीस गं!" माझ्या अंगाची आग झाली. कशापायी हसले मी!

त्या दिशी टँकर हिरीत पानी सोडत व्हता. समद्या बाया पोहरे घेऊन पळत व्हत्या. ह्यो पावना कॅमेरा घेऊन मला आडवा आला, हातानं थांब म्हनला. मला वाटलं सरकारी साहेब हाय, फोटू निघाला की गावाला नळ येईल. म्हनून डोईवर रिकामे हंडे घेऊन उन्हात हसत उभी ऱ्हायले. तवर हिरीत निस्ता गाळ उरला.

घरी तापानं फणफणलेलं लेकरू पानी मागत व्हतं. कोरडे हंडे बघून अन् फोटूचं ऐकून सासू म्हनली, "आता फोटूच पाज त्याला."