उंदरांच्या टेबलावरचा दिवा

हे गेले आणि कॉलेजने मला ह्यांच्याच जागेवर घेतलं, पण तात्पुरतं. साहेब नागपूरकडचे. ते म्हणाले, "बाई, हिवाळाभर काम पाहू, मग पक्कं करू." पक्कं झालं नसतं तर चेरीताल मोहल्ल्यातली खोली सोडून दिरांच्या दारात जावं लागलं असतं. दीर वाईट नव्हते. पण माझी पुस्तकं तिथे मावली नसती, आणि मीही.

काम पांढऱ्या उंदरांना बेशुद्ध ठेवण्याचं. आधी उंदीर काचेच्या बरणीत ठेवायचा. ऑक्सिजनबरोबर औषधाची वाफ नळीने आत सोडायची. तो लवंडला की दगडी टेबलावर घ्यायचा, नाकाशी रबरी टोपी लावायची आणि साहेबांची चिरफाड होईपर्यंत त्याच्या बरगड्यांवरून नजर हलवायची नाही. पंजा गुलाबी हवा. चिमटल्यावर पाय ओढला तर वाफ कमी पडली, श्वास रेंगाळला तर जास्त झाली. हे सगळं ह्यांनी मला घरी, चहाच्या कपावर बशी झाकून समजावलेलं होतं.

तेव्हा लढाई सुरू होती. शहरात तोफगोळ्यांचे कारखाने, म्हणून ब्लॅकआउट कडक. खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. दिवसा एक झडप उघडायची आणि तिच्या उजेडात काम करायचं.

आणि उंदीर मरू लागले. वाफेने शांत झोपायचे, पण उठायचेच नाहीत.

"काहून मरून राहिले हो?" साहेबांनी विचारलं. "तुमच्या यजमानांच्या हातून तर असं होत नव्हतं."

माझा संशय प्रयोगशाळेत सोबत काम करणाऱ्या भैयांवर गेला. ते ह्यांच्याबरोबर अनेक वर्षं होते आणि ही जागा त्यांना स्वतःला हवी होती. औषधाचं पितळी भांडं तेच भरत. मी ते स्वतः भरायला लागले. उंदीर मेलेच. मग औषधाची बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं.

भैया हसले. "भाभीजी, ये ताला बोतल पे है या मुझ पे?"

"बाटलीवर."

"अच्छा. चलो, बोतल तो सुधर जाएगी."

कुलूप लावूनही उंदीर मेले. मी नळ्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले, सिलिंडरचा काटा पुन्हापुन्हा पाहिला. सगळं ठीक होतं, म्हणून संशय आणखीच वाढला.

एका सकाळी एका उंदराचा श्वास मंदावला. मी औषध बंद केलं, नुसता ऑक्सिजन ठेवला आणि त्याला उचललं. अंग टेबलाच्या दगडाइतकं गार होतं. शालीत गुंडाळून तळहातात धरलं. बऱ्याच वेळाने पंजे गुलाबी झाले, मिशा हलल्या. तेव्हा मला ह्यांची आठवण झाली. घरी एकदा दिव्याखाली उपडा हात धरून म्हणाले होते, "इतकंच ऊन पाहिजे त्यांना. झोपलेला उंदीर स्वतःला ऊब देऊ शकत नाही." मी वर पाहिलं. टेबलावर लोंबणारी वायर होती, पण ह्यांच्या वेळी तिला असायचा तो दिवा नव्हता. आम्हा सगळ्यांना तो उजेडासाठीच वाटला होता. सगळ्यांना?

"भैया, दिवा काहून काढला?"

"आर्डर था, भाभीजी. ब्लैकआउट."

"दिवसापण?"

"आर्डर में दिन-रात नहीं लिखा था."

ह्यांना त्या दिव्याखाली हात धरताना त्यांनी रोज पाहिलं असणार. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. काही कळलं नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि दिवा परत लावला. त्यानंतर उंदीर उठू लागले. हिवाळा सरता सरता साहेबांनी मला पक्कं केलं.

त्या दिवशी भैयांनी घमापुरहून पेढे आणले. पुडा माझ्यापुढे धरून म्हणाले, "लो, भाभीजी. भाई साहब होते तो खुश होते."

"तुम्ही आधी घ्या," मी म्हटलं.

त्यांनी हसून एक पेढा तोंडात टाकला. तो त्यांनी पुरता गिळला, तेव्हा मी पुड्यात हात घातला.