कापलेलं तिसरं कडवं

रेकॉर्ड कंपनीने कवीला फसवलं. सिनेमात त्याच्या गाण्याची तीन कडवी होती, तबकडीवर दोनच घेतली. उदगीरच्या मोंढ्यात धान्य विकण्यात माझा जन्म गेला. मापात मारलेलं मला लगेच कळतं.

दोन कडव्यांत बाई नवऱ्याची वाट पाहते. तिसऱ्यात ती उठते, दाराला कडी लावते आणि पोटभर जेवते. इतकं साधं लिहायला छाती लागते. ते वगळलं की उरते नुसती रडकी बाई.

माझ्या बायकोने तो सिनेमा लग्नाआधी नांदेडला पाहिला होता. रेडिओवर गाणं संपलं की मी उठायचो. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "कुठं निघालात? अजून एक कडवं हाय!" आणि स्वतः म्हणायची. मला चाल आणि अर्थ तेवढा पाठ झाला, शब्द तिच्याकडेच राहिले.

आता ती नाही. मोबाइलवर दुसरं कडवं संपतं आणि रिकाम्या स्वयंपाकघरातून चाल सुरू होते, बिनशब्दांची. मला खुर्चीतून उठवत नाही.

सिनेमाची प्रत कुठेच मिळत नाही. लातूरच्या जुन्या रेकॉर्डवाल्याशी भांडलो. "काका, गाणं एवढंच हाय," तो म्हणाला.

एवढंच नाही. ज्याने कात्री चालवली त्याने समोर यावं आणि ते शब्द कुठे टाकले ते मला सांगावं.