नामीच्या पापलेटाचं पान

तीन म्हाताऱ्या एका ओटीवर बसल्या की किस्से जमवावे लागत नाहीत. आमच्याकडे तर केर काढताना कागदाच्या कपट्यांबरोबर दोन-चार किस्से निघतातच. मी शाळेची पायरी चढले नाही, म्हणून मी सांगते आणि नात लिहिते. मध्येच हसत बसते, त्याला मी काय करू!

सुरुवात जुलेखामुळे झाली. जुलेखा म्हणजे आमची शेजारीण. मुलगा दोह्याला नोकरीला, नात अलीना तिकडेच जन्मलेली, सात वर्षांची. व्हिडिओ कॉल लागला की पोरगी पडद्यामागे पळायची. दादीशी आजवर एक शब्द बोलली नव्हती!

मे महिन्यात ते सगळे येणार होते. जुलेखाला घोर लागला. "हिरा, इथं येऊन पन पडद्यामागंच बसली तर?"

माझी नात ऋतुजा स्क्रॅपबुकं करते. ती म्हणाली, "खाला, आपण आधी वही पाठवू. तुमचं घर, झाडं, जेट्टी, सगळं त्यात. फोटो चिकटवायचे आणि बाजूला डूडल काढायचं."

"डूडल म्हंजे?"

"मनाला येईल ते काढायचं."

मासळी विकणारी आमची नामी तिथंच होती. ती फिस्सकन हसली. "आगो, मग त्याला शिकवनी कशाला? आमच्या मनाला काय कमी येतं!"

*

नामीला गावात लग्नाचे चौक काढायला बोलावतात. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायचा आणि काढताना लग्नाची गाणी म्हणायची, ही रीत. आता नामीचा हात गाण्याशिवाय हलतच नाही!

कोपऱ्यात एवढंसं नारळाचं झाड काढायचं, तर बाईने वहीचं पान भिंतीला टेकवलं, उभी राहिली आणि खड्या आवाजात नवरीचं गाणं सुरू केलं. तीन दिवस रोज!

चौथ्या दिवशी वरच्या आळीतल्या दोघीजणी विचारायला आल्या, "हिराबाय, ऋतुजाची हळद कवा हाय?"

ऋतुजा बारावीला. तिला मैत्रिणींचे मेसेज, "मुलगा काय करतो गं?"

नामी शांतपणे म्हणाली, "माझं अजून एक झाड राहिलंय."

*

जुलेखाचा हात मेंदीचा. मेंदी काढून काढून तिला दुसरं काही येत नाही. आगरदांड्याची फेरीबोट काढली, तर तिच्यावर कैऱ्या, वेलबुट्ट्या, टोकाला नाजूक फुलं.

नामीने वही लांब धरली, जवळ धरली. "बोट हाय का नवरीचा हात?"

"दोन्ही हाय. तू चढ गुमान!"

*

एकदा गोंद संपला. मी म्हटलं, त्यासाठी मुरूडला कोण जाणार? तांदळाची घट्ट पेज केली आणि जुलेखाच्या घराचा फोटो मस्त चिकटवला. पान उन्हात वाळत ठेवलं आणि चहा टाकायला आत गेले.

बाहेर येते तो कोंबड्या जेवायला बसलेल्या! पेजेबरोबर फोटोचं अर्धं छप्परही गेलं.

जुलेखा ओरडली, "या अल्ला, माझं घर खाल्लं!"

ऋतुजा रडकुंडीला आली. पण जुलेखानेच पेन उचललं आणि त्या भोकाशेजारी पळणारी कोंबडी काढली, चोचीत छप्पर धरलेली. अख्ख्या वहीतलं तेच पान मला सगळ्यात आवडलं!

*

नामी म्हणाली, "पापलेट मनानं न्हाय काढनार. बाजारात मान खाली जाईल माझी."

म्हणून तिने टोपलीतलं खरं पापलेट आणलं, पानावर आडवं ठेवलं आणि सभोवार पेन फिरवलं. आकार काय सुरेख आला! वासही आला.

ऋतुजा किंचाळली, "नामीआजी, ही वही आहे, कालवण नाही!"

आम्ही पावडर लावली. मग पावडर लावलेल्या पापलेटाचा वास यायला लागला.

वही न्यायची होती इरफानने. सुट्टी संपवून दोह्याला परत निघालेला गावातला पोरगा. पिशवी हातात घेतली आणि नाक वर केलं. "खाला, मासळी देऊ नका म्हनलं होतं ना मी?"

"मासळी न्हाय रे, वही हाय!"

"मग वहीला धुऊन तरी द्यायची!"

तीन पिशव्यांत गुंडाळून नेली बिचाऱ्याने.

*

वही पोचली. मुलगा फोनवर सांगायचा, "अम्मी, ती वही घेऊनच झोपते." पण पोरगी काही फोनवर येईना. जुलेखा हसून "बरं, बरं" म्हणायची आणि फोन ठेवला की ओढणीने त्याची काच पुसत बसायची.

मे उजाडला. गाडी दारात आली. जुलेखा नवा कुडता घालून, अत्तर लावून ओटीवर. मी आणि नामी खांबाआड, दिसू नये म्हणून. पण नामी कसली खांबाआड मावतेय!

पोरगी उतरली, वही छातीशी धरलेली. सलाम नाही, काही नाही. आईच्या ओढणीत तोंड. जुलेखाने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

नामीने माझा दंड घट्ट धरला.

मग पोरगी हळूच पुढे आली. वही उघडली, एका पानावर बोट ठेवलं आणि मास्तरणीसारखी म्हणाली, "दादी, हे राँग आहे. क्रॅबला टेन लेग्ज असतात. तू सिक्स काढले."

जन्मभर खेकडे खाल्लेली बाई! नामीचा तोल गेला, "आगो, मी रोज विकते, मी कवा मोजले न्हाय!"

आणि जुलेखा? तोंडावर ओढणी धरून हसत होती की रडत होती, देव जाणे. "चुकलंच माझं! बस इथं. अजून काय काय चुकलंय, सांग."

पोरगी तिला खेटून बसली ती दिवेलागणीपर्यंत. मांजराला मिशा नाहीत, सायकलला पेडल नाही, नारळ उलटे लटकलेत. एकेक चूक निघाली की जुलेखा आमच्याकडे अशी बघायची, जसं बक्षीसच मिळालं!

दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवतेय, तोच कुंपणापलीकडून हाक, "हिरा! नामीला पन बोलाव. कोरी वही घेऊन या. कावळ्याला चार पाय काढायचे हायेत!"