कायमचं बंद

आज दुपारी कुलूपभाऊंच्या दुकानी जाऊन मनातलं एकदाचं सांगून टाकलं. हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढते.

कुलूपभाऊ आमच्या गल्लीच्या तोंडाशी किल्ल्या करून देतात. दुकान कसलं, कपाटच ते. भाऊ आत बसले की गिऱ्हाइकाने रस्त्यावर उभं राहायचं. भिंतीभर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या, पुढ्यात कानस, आणि वर पत्र्याची हातभर लांब किल्ली टांगलेली. नावाची पाटी नाहीच. वाचता न येणाऱ्यालाही दार उघडून हवंच असतं, असं त्यांचं म्हणणं. किल्ली घासताना ते बोलत नाहीत. फुंकर मारून कीस उडवला की मगच तोंड उघडतात, तेही बहुधा समोरच्याची फिरकी घ्यायला. आमच्या ह्यांनी वर्षात तिसऱ्यांदा किल्ली हरवली तेव्हा म्हणाले, "साहेब, या वेळी दोन करतो. एक वापरायला, एक हरवायला."

त्यांच्याकडे ओळखीचे कमी, परके जास्त येतात. दाराबाहेर अडकलेला माणूस पूर्वी रस्त्यात कुणाला तरी विचारायचा, आता फोनला विचारतो. फोनमधल्या नकाशावर भाऊंचं दुकान कुणी टाकलं होतं देव जाणे, पण अलीकडे त्यावरच त्यांचं चाललं होतं.

गेल्या वर्षी त्यांची बायको गेली. तीन आठवडे शटर खाली होतं. त्या दिवसांत मी प्रार्थनेला तिथूनच जायची. एकदा फोन थरथरला, बघते तर प्रश्न : हे दुकान बंद झालं आहे का? मी थांबून शटरकडे पाहिलं आणि 'हो' दाबलं. कुणी विचारलं तर खरं ते सांगायचं, एवढंच लहानपणापासून ठाऊक. वर प्रार्थनेच्या गटात जाऊन सांगितलं की, बायांनो, फोन विचारतो तेव्हा उत्तर देत जा, कुणाचा तरी हेलपाटा वाचतो, हीसुद्धा सेवाच. आम्ही अकराजणी. सगळ्या त्याच रस्त्याने येणाऱ्या. एकेकीने मन लावून सेवा केली.

भाऊ पुन्हा दुकानात बसायला लागले, पण नकाशावर दुकानाखाली लाल अक्षरांत 'कायमचे बंद' असं येऊन बसलं होतं. गिऱ्हाईक का आटलं ते त्यांना दोन महिने कळलंच नाही. मग एके सकाळी एक बाई दुकानापासून दहा पावलांवर रडकुंडीला येऊन उभी. आत गॅस चालू आणि दार ओढलं गेलेलं. भाऊ उठले, पिशवी घेतली, चला म्हणाले. तिने फोनकडे पाहिलं, मग भाऊंकडे.

"ते दुकान तर कधीच बंद झालंय," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

आणि दोन पावलं मागे सरली. तिचं तरी काय चुकलं? घराचं कुलूप परक्याच्या हाती कोण देईल. पण त्या दिवसापासून भाऊंनी कुणाला आपणहून हाक मारली नाही.

माझी लेक या कामात हुशार. तिने तक्रार लिहिली, दुकानाचा फोटो जोडला. उत्तर आलं की पाटीवर नाव दिसत नाही. भाऊंनी रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली. आता म्हणे पाटी नवी दिसते, दुकान नवं असेल तर नव्याने नोंद करा. ती केली, तर या पत्त्यावर आधीच एक बंद झालेलं दुकान आहे म्हणून ती नामंजूर. उत्तरं देणारा माणूस नव्हेच, यंत्र. दर वेळी आरंभी लिहायचं, 'तुमची अडचण आम्हाला समजते.' भाऊ म्हणाले, "त्याला विचार बाळ, राहतो कुठे. मीच जाऊन भेटतो." लेकीने हात टेकले.

मग जावयांनी टूम काढली की रील करू. गंजलेलं कुलूप भाऊ कसं हळुवार उघडतात ते त्यांनी टिपलं. चाळीस हजार लोकांनी पाहिलं. निम्म्यांनी लिहिलं, चोरांना शिकवताय का. काहींनी नकाशावर दुकान शोधलं, लाल अक्षरं पाहिली आणि हात जोडल्याची चित्रं टाकून भाऊंना श्रद्धांजली वाहिली. भाऊंनी ती सगळी वाचून घेतली. म्हणाले, "माणसं चांगली आहेत हो. आलं मात्र कुणी नाही."

हल्ली सगळे म्हणतात, फोनमधल्या या जाळ्याने जग जवळ आलं. आलं असेल. मी रोज सकाळी त्यावरच बहिणीचं तोंड बघते, नाही कशी म्हणू? पण ज्याच्याकडे चूक कबूल करायची तो कुठे बसतो हेच ठाऊक नसलं तर माणसाने करायचं काय? 'हो' दाबायला मला क्षण लागला. 'नाही' म्हणायला सहा महिने धडपडतेय, कारण न सांगता बाकी दहाजणींकडूनही दाबवून झालं, अक्षरं तशीच.

आज भाऊंना सांगितलं की सुरुवात मी केली, गटातल्या बाकीच्यांनाही मीच दाबायला लावलं. त्यांनी हातातली किल्ली पुरी घासली. फुंकर मारली.

"तुम्ही खरं तेच सांगितलंत, वहिनी. तेव्हा बंदच होतं."

मी म्हटलं, पण कायमचं नव्हतं हो. त्यांनी कानस खाली ठेवली. मग सांगितलं की महिनाअखेर दुकान सोडतायत, भावाच्या गोदामात रखवालीचं काम आहे. "आणि बाकीच्या बायकांना हे कळू देऊ नका. आयुष्यभर मनाला लावून घेतील."

संध्याकाळी प्रार्थनेला गेले. दुकान सुटणार ही बातमी माझ्याआधीच पोचली होती. सगळ्याजणी हळहळत होत्या. एकजण म्हणाली, कुणीतरी मुद्दाम डाव साधला असणार, त्याचं कधी भलं होणार नाही. दहाही जणींनी माना डोलावल्या. मी पोथी उघडली आणि कालच्या पानापासून पुढे वाचायला सुरुवात केली.