मामाच्या बांधीचा काळापांढरा फोटो

माझा सगळ्यात जास्त लाइक मिळालेला फोटो खोटा आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलाय. सानगडीजवळची मामांची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, मागे बोडी, आमच्याकडचं छोटं तळं, वर ढग. ब्लॅक अँड व्हाइट. खाली मी कॅप्शन टाकलं होतं, 'धानाचं मौन'.

मौन कसलं डोंबलाचं! मीच त्याचं तोंड दाबलं होतं.

आज सुखदेवमामांना जाऊन वर्ष झालं. म्हणून सांगतो.

तुमसरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या भडक अल्बमवर पोट चालतं. मन भरायला मी शेतं, तळी, जंगल काढतो आणि ते काळंपांढरं करतो. त्याला मी कला म्हणतो.

मामा म्हणायचे, "भासा, देवानं इतके रंग देल्ले, तू काहून पुसून राहिला?"

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मी चाळिशीचा झालो तरी मामा वाकायचे. मी वाकायला गेलो की हात धरायचे. "पाप लावतं का मले?"

गेल्या वर्षी धान निसवलं, लोंब बाहेर आली, आणि मामांची किडनी बिघडली. नागपूरला भरती केलं.

तिथून फोन आला.

"भासा, बांधीचा एक फोटो पाठव न. तुई मामी सगळं चांगलंच सांगते. तुया फोटोवर भरवसा आहे."

मी लगेच गाडी काढली.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मामी उभी होती. डाव्या कोपऱ्यात धान गोल गोल जळालं होतं. तुडतुडा. धानाच्या बुडाशी बसून रस पिणारा बारीक किडा. मामीनं एकदा फवारलं होतं, फरक नव्हता.

मामी म्हणाली, "त्यायले नको सांगू रे. बीपी वाढते त्यायचा."

मी म्हटलं, "मामी, टेन्शन नको घेऊ. मी करतो काहीतरी."

आणि केलं.

रंगीत फोटो काळापांढरा करताना ॲपमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी पट्टी असते. पिवळी पट्टी ओढली की पिवळं उजळतं नाहीतर काळवंडतं. हिरव्याची वेगळी, नारिंगीची वेगळी. धुऱ्यावर बसून मी त्या पट्ट्या मागेपुढे केल्या. जळालेलं तांबूस आणि जिवंत हिरवं, दोन्ही एकाच करड्या रंगात आणून बसवलं.

डाग गेले.

खरं सांगू? मला माझं कौतुक वाटलं. फोटो मामांना पाठवला. मग तोच इथे टाकला.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन.

"मिळाला फोटो. मस्त आहे."

मग म्हणाले,

"मामीले सांग, बांधीतलं पाणी सोडून दे. चार-पाच दिवस कोरडी राहू दे."

"काहून मामा? लोंब भरून राहिली. बोडीतलंही पाणी सरत आलं."

"तू सांग न फक्त."

"हो मामा."

मी सांगितलं नाही.

मला वाटलं, औषधांच्या गुंगीत बोलत असतील. भरत्या धानाचं पाणी कोण सोडतं? आणि मामीला सांगितलं असतं तर ती घाबरली असती, यायले समजलं का म्हणून. ही झाली कारणं. खरं म्हणजे त्या दिवशी मी कमेंटला उत्तरं देत होतो. 'वाह, काय टोन!' 'थँक्यू, थँक्यू.'

त्या फोननंतर बाराव्या दिवशी मामा गेले.

तेरवी झाल्यावर बांधीवर गेलो. अख्खी बांधी जळाली होती. शेजारची बांधी मात्र उभी, भरलेली.

शेजारचे देवाजीकाका म्हणाले, "पाणी सोडायले पायजे होतं न बापू. बूड कोरडं झालं की तुडतुडा जाते. तुया मामा तं नेहमी हेच करे."

मी धुऱ्यावरच बसलो. जिथे बसून पट्ट्या ओढल्या होत्या, तिथेच.

काही दिवसांनी मामीनं मामांचा मोबाइल माझ्याकडे दिला. "यातले फोटो काढून दे." गॅलरीत माझा फोटो होता. त्याच्याखाली त्याच फोटोचा स्क्रीनशॉट, मोठा करून घेतलेला. फक्त डावा कोपरा.

मामांना स्क्रीनशॉट काढता येतो, हेही मला माहीत नव्हतं.

मग मीही तो कोपरा नीट पाहिला. जळालेलं धान खाली बसतं. रंग मी लपवला होता, बसलेलं धान तसंच दिसत होतं. ज्यानं जन्मभर तीच बांधी पाहिली, त्याला रंग कशाला लागतो?

त्यांना सगळं कळलं होतं. मला खोटं पाडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी फक्त उपाय सांगितला. आणि तोही मी माझ्याजवळच ठेवला.

वर्षभर हे कोणालाच सांगितलं नाही. तुम्ही 'मास्टरपीस' म्हणत राहिलात, मी हात जोडलेले इमोजी टाकत राहिलो. लाज वाटते.

आज सकाळी मामीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. बाजारातून विकत आणलेला.

हात थांबला तिचा.

"मले सांगतलं असतं तं मी सोडलं असतं पाणी."

एवढंच म्हणाली. मग पुन्हा निवडायला लागली. मला चहा दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

तो जुना फोटो मी आज काढून टाकला आहे. कृपया कोणी मागू नका.

खाली मूळ फोटो टाकतोय. एकही पट्टी हलवलेली नाही. डाव्या कोपऱ्यात डाग आहेत, मोजता येतील इतके. तेव्हा तेवढेच होते.

मामा, तुम्ही मागितला होता तो फोटो हा. उशीर झाला.

आज मी तुमच्या पाया पडतो. हात धरायला तुम्ही नाही.

भावपूर्ण श्रद्धांजली, मामा. तुमच्या भाश्याकडून.